पांझरेकाठी

धुळ्याला हौसेने जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. महाबळेश्वरला लोक हवा खायला जातात, कोकणात आंबे खायला जातात; धुळ्याला माणूस जातो तो बदली होऊन, लग्नकार्यासाठी, नाहीतर पुढे इंदूरकडे जाताना चहाला उतरला म्हणून. मीही प्रथम गेलो तो नोकरीच्या कामासाठीच. दुसऱ्या खेपेला मात्र गेलो तो स्वतःच्या खर्चाने, दोन दिवसांची रजा काढून आणि घरी थोडेसे खोटे सांगून. या दुसऱ्या खेपेची हकीकत सांगायची आहे. पण पहिलीवाचून ती कळायची नाही.

मी स्थापत्य अभियंता आहे. पुण्यात सल्लागारांच्या एका कचेरीत नोकरीला आहे. वय वर्षे एकोणतीस. आमच्या धंद्यात माणसाच्या कर्तबगारीचे माप पुलांच्या लांबीत आणि धरणांच्या उंचीत मोजतात, आणि माझ्या वर्गातली मुले आता दुबईत मनोरे उभारीत आहेत किंवा मेट्रोची भुयारे खणीत आहेत. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर दर पंधरा दिवसांनी कुणाची तरी बढती जाहीर होते आणि बाकीचे चाळीसजण टाळ्यांची चित्रे पाठवितात. अशा वेळी मला काम मिळाले ते पांझरा नदीवरच्या एका जुन्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे. बंधाऱ्याची उंची माझ्या छातीपर्यंत! गटावर सांगण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

धुळे गाव मात्र मला पहिल्याच दिवशी आवडले. १८१८ साली पेशवाई संपल्यावर कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने येथे नवी पेठ आखली. त्या सरळ रेषेतल्या गल्ल्या अजून तशाच आहेत आणि त्यांना नावांऐवजी नंबर आहेत. पुण्याच्या बोळांत वाढलेल्या मला 'गल्ली नंबर चार' असा पत्ता ऐकून प्रथम तुरुंगाची आठवण झाली. तुरुंगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, याच गावच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि सानेगुरुजींनी ती उतरून घेतली. नदीच्या अलीकडे धुळे, पलीकडे देवपूर, काठावर एकवीरादेवीचे देऊळ. उन्हाळ्यात पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक. संध्याकाळी खानावळीत शेवभाजी पुढे आली. तिच्या रश्शावर तरंगणारे लाल तेल पाहून मी एक पेला पाणी आधीच पिऊन घेतले. त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता त्या बंधाऱ्याविषयी. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठी तीन-चारशे वर्षांपासून 'फड' नावाची पाण्याची एक पद्धत आहे. मी चार वर्षे अभियांत्रिकी शिकलो. तिचे नाव एकाही तासाला ऐकले नव्हते. नदीत एक बुटका दगडी बंधारा आडवा घालायचा. त्याने पाणी साठत नाही, फक्त थोडे वर उचलले जाते आणि काठाने काढलेल्या कालव्यात वळते. कालवा कुठे दोन किलोमीटर, कुठे दहा-बारा. कालव्यातून चाऱ्या निघतात, चाऱ्यांतून सारंग म्हणजे शेतापर्यंत जाणारे लहान पाट. जास्तीचे पाणी परत नदीला जाण्यासाठी सांडम.

खरी गंमत आहे ती शेतांच्या मांडणीत. भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे बहुधा चार मोठे तुकडे पाडतात; तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही. आणि पाणी कमी दिसले तर एक फड त्या वर्षी कोरडा ठेवायचा. कोणता, ते गाव ठरविणार. शेतकऱ्याच्या जमिनीची एकेक पट्टी निरनिराळ्या फडांत असते, त्यामुळे दुष्काळ आला तर तो एकट्या शेवटच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पडत नाही. सर्वांच्या ताटात थोडाथोडा वाढला जातो. आणि पाणी कुणी स्वतःच्या हाताने घ्यायचे नाही. त्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी असतो. बारे तो उघडणार, तो बंद करणार. शेताचा मालक बांधावर उभा राहून पाहणार. जागल्या पिके राखतो, हवालदार त्या दोघांवर देखरेख करतो. अलीकडे नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि पुष्कळ फड मोडले. आमचे गाव मोडकळीला आलेल्यांपैकी होते. बंधारा दुरुस्त करून कालवा पुन्हा वाहता करावा असे एका धर्मादाय संस्थेने मनावर घेतले आणि पाहणीचे काम आमच्या कचेरीकडे आले.

जूनचा पहिला आठवडा होता. मी दुर्बीण, तिचे तिकाटणे, उंची वाचायची पट्टी आणि ती धरणारा एक खलाशी घेऊन दोन दिवस कालव्याच्या काठाने चाललो. हल्ली उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रे निघाली आहेत, पण चार बोटांच्या उतारावर पाणी न्यायचे असेल तर माझा विश्वास अजून जुन्या दुर्बिणीवरच आहे. कालवा चार किलोमीटरांचा. त्याच्या टोकाशी, फडांच्या बाहेर, चाळीसेक हेक्टर कोरडी जमीन होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मांडलेल्या आकड्यांवरून दिसले की शेवटची चारी पुढे वाढविली तर त्या जमिनीलाही पाणी जाईल. मला इतका आनंद झाला की काय सांगू! नुसत्या दुरुस्तीच्या कामात मला काहीतरी नवे सापडले होते.

बरोबर गावचा म्हातारा पाटकरी होता. सगळे त्याला आबा म्हणत. मी त्याला हाताने दिशा दाखवून चारी कुठून जाईल ते सांगितले. त्याने तिकडे पाहिले, तंबाखू मळली आणि म्हणाला, "तठे पानी चढत नही, साहेब."

मी हसलो. वडीलधाऱ्या माणसाशी हसावे तसेच, पण हसलो. म्हणालो, "आबा, दुर्बीण खोटं बोलत नाही."

"दुर्बीण नही बोलत," तो म्हणाला, आणि मग एका निंबाकडे बोट करून त्याने सांगितले की त्याच्या बापाने तरुणपणी हाच उद्योग करून पाहिला होता; पाणी त्या निंबापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले.

संध्याकाळी पश्चिमेला आभाळ काळे झाले. आमच्या शास्त्राचा एक साधा नियम आहे: ज्या खुणेपासून उंची मोजायला सुरुवात केली त्या खुणेवर मोजत मोजत परत यायचे. आकडा जुळला तर काम बरोबर. नाही जुळला तर कुठेतरी चूक. हे परत येणे म्हणजे आणखी चार किलोमीटर, म्हणजे आणखी एक दिवस. पाऊस लागला तर दोन-तीन. साहेबांचा फोन आला होता, सोमवारी अहवाल हवा. खलाशाला घरी जायचे होते. मलाही जायचे होते. आम्ही दुर्बीण पेटीत घातली. आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर 'मोजणी मूळ खुणेशी ताडून पाहिली आहे' या छापील वाक्याखाली मी सही केली.

अहवाल आवडला. संस्थेने नव्या चारीचे विशेष कौतुक केले. दिवाळीनंतर मला बढती मिळाली. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि त्या वर्गाच्या गटावर माझ्याही नावाने एकदाच्या टाळ्या वाजल्या. खोटे कशाला सांगू, त्या मी दोन-तीनदा उघडून पाहिल्या.

जानेवारीच्या अखेरीस निविदेचे नकाशे करायला घेतले आणि त्यासाठी मी मोजणीची वही पुन्हा काढली. दुर्बिणीत तीन आडव्या रेषा दिसतात. मधल्या रेषेचे वाचन हे खरे वाचन; वरच्या आणि खालच्या रेषेची सरासरी मधल्याइतकी यायला हवी. दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या एका ओळीत वर १.४१२ होते, खाली १.१५८. त्यांची सरासरी १.२८५. मध्ये मी लिहिले होते १.५८५.

दोनचा पाच झाला होता. तीस सेंटिमीटर. पुढची सगळी जमीन माझ्या कागदावर तीस सेंटिमीटर खाली गेली होती, आणि म्हणून पाणी तिच्यावर चढत होते. ऐकणाऱ्याला तीस सेंटिमीटर म्हणजे काय, एक वीतभर वाटेल. पण कालव्याला दोन हजारांस एक असा उतार देतात, तिथे तीस सेंटिमीटर म्हणजे सहाशे मीटर कालवा! तो निंब आणि ती कोरडी जमीन यांच्यातले अंतर मी नकाशावर मोजले नाही. मोजायची गरजच नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही असे लिहिण्याची पद्धत आहे. मला झोप आली. सकाळी उठल्यावर मात्र मनात पहिला विचार आला तो असा की, वही कुणी पाहत नाही. चारी खणतील, पाणी जाणार नाही, लोक म्हणतील कंत्राटदाराने उतार चुकवला. कंत्राटदारांना असे ऐकायची सवय असते. हा विचार माझ्या मनात दात घासून होईपर्यंत होता. आपल्याला असला विचार इतक्या सहजपणे सुचतो, याचेच मला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिले.

चूक वाचण्यात होती की नुसती लिहिण्यात, हे जागेवर गेल्याखेरीज ठरत नव्हते. फेब्रुवारीत रजा काढली. घरी सांगितले, मित्राचे लग्न आहे. चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरली. छप्पन किलोमीटरांचा हा फाटा १९०० साली झाला. डब्यात कॉलेजची मुले, टोपल्या घेतलेल्या बाया आणि खिडकीतून दिसणारी काळी रानेच रानेच. धुळ्यातल्या एका ओळखीच्या कंत्राटदाराकडून दुर्बीण उसनी घेतली. त्याने कशाला हवी ते विचारले नाही; याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

आबाने मला पाहून मुळीच नवल दाखविले नाही. "बठा," म्हणाला. मी त्याला खरे ते सांगितले. तो ऐकत राहिला आणि सांगणे संपल्यावर त्याने नातवाला हाक मारली. पोरगा साक्रीच्या कॉलेजात शिकत होता. पट्टी धरायचे काम त्याने दोन दिवस केले, आणि माझ्या त्या खलाशापेक्षा फार सरळ धरली. दुपारी आबाच्या सुनेने शेतावर कळण्याची भाकरी आणि भरीत पाठविले. गव्हाला पाणी चालू होते. आबा एका बाऱ्यावरून दुसऱ्यावर जात होता, फावड्याने माती ओढून एक वाट बुजवीत होता, दुसरी मोकळी करीत होता. एका शेताजवळ त्याचा धाकटा भाऊच उभा होता. त्याने काहीतरी खुणेने सुचविले, बहुधा अजून थोडे राहू दे असे. आबाने बारे बंद केले आणि पुढे गेला. भाऊ काही बोलला नाही. शेजारच्या बांधावरचा माणूसही नाही. मी दुर्बिणीतून डोळा काढून हे पाहत होतो, आणि पोरगा ओरडत होता, "साहेब, वाचा ना!"

या वेळी मी मूळ खुणेवर परत आलो. आठ किलोमीटरांच्या फेरीत फरक निघाला एकोणीस मिलिमीटर. इतक्या अंतराला तो चालतो. निंबाच्या पुढची जमीन माझ्या नकाशातल्यापेक्षा तीस सेंटिमीटर वर होती. आबाच्या बापाजवळ दुर्बीण नव्हती.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी दातर्तीला गेलो. हे साक्री तालुक्यातले पांझरेकाठचे गाव. आमच्या धंद्यातल्या माणसाने ते पाहावे असे एक कारण आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली परीक्षेत पहिले आले, १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात आले. त्या वेळी त्यांच्याकडे दातर्ती येथे पाइपांचा सायफन करण्याचे काम आले. सायफन म्हणजे एका काठावरचे पाणी नळांतून नदीच्या तळाखाली उतरवायचे आणि पलीकडे पुन्हा वर आणायचे. पलीकडचे तोंड थोडे खाली ठेवले की पाणी आपल्याच वजनाने तिकडे चढते. पंप लागत नाही. पण ते 'थोडे खाली' बरोबर साधले पाहिजे. तीस सेंटिमीटरांची चूक तिथेही चालली नसती.

त्यांच्या आठवणींत या कामाची एक गोष्ट आहे आणि ती अभियंत्यांच्या मेळाव्यांत, विशेषतः त्यांच्या जन्मदिनी १५ सप्टेंबरला, हटकून सांगितली जाते. पाऊस सुरू झाला, नदीला पाणी आले, काम अवघड झाले; तेव्हा या तरुणाने वरिष्ठांना लिहून कळविले की काम पावसाळ्यानंतर करावे. वरिष्ठांना ते रुचले नाही, नाराजी कळली. मग त्यांनी जिद्दीने ते काम पुरे केले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे: खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे, म्हैसूरची दिवाणगिरी, १९५५ साली भारतरत्न. वक्ते सांगतात, पाहा, अडचणीला न भिता काम पुरे केले म्हणून ते मोठे झाले. ते खरेच आहे.

पण दातर्तीच्या काठावर उभा असताना माझे मन त्या पुरे केलेल्या कामावर ठरेना; ते त्या आधीच्या पत्रावर जाऊन बसले. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, नवी नोकरी, वरचा अधिकारी इंग्रज, काळ १८८४-८५ चा. आणि तो सहीनिशी कागदावर लिहितो की या पावसात हे काम मला नीट होईल असे वाटत नाही. बोलणी खातो. मग करतोही. मला त्या जूनमध्ये आभाळ काळे दिसले तेव्हा एवढेच लिहायचे होते: 'मोजणी अपुरी आहे, तीन दिवस द्यावेत.' मी बोलणी खाल्ली असती. त्याऐवजी मी पेढे खाल्ले.

आणखी एक गोष्ट तिथेच मनात आली. याच विश्वेश्वरय्यांनी पुढे १८९९ च्या सुमारास नीरा कालव्यावर गटांत पिकांची पाळी लावून पाणी द्यायची पद्धत सुचविली, आणि ती नवी म्हणून गाजली. पांझरेकाठी नोकरीची पहिली वर्षे काढलेल्या माणसाला ती सुचावी, याचे आबाला बिलकूल नवल वाटले नसते.

धुळ्याला परत आल्यावर गाडीपर्यंत दोन तास होते. ते मी राजवाडे संशोधन मंडळात काढले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करीत आणि १९२६ च्या अखेरीस ते याच धुळ्यात वारले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी छापले. जुन्या दप्तरांच्या वासात, एका बाकावर बसून मी साहेबांना पत्र लिहिले. ईमेल करता आली असती. पण ईमेल पाठवायची कळ पुढे ढकलता येते. हाताने लिहिलेला कागद पाकिटात घातला की तो फाडायला लाज वाटते. चूक कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत, खरे वाचन किती, फेरमोजणीत काय निघाले आणि मूळ खुणेशी ताडल्याचे वाक्य खोटे होते, एवढेच लिहिले. कारणे लिहिली नाहीत. सुचली पुष्कळ होती.

सोमवारी ते पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. त्यांच्या बोलण्यातले पहिले वाक्य छापण्यासारखे नाही. दुसरे होते, "खर्च कुणी दिला?" मी म्हणालो, "माझा मीच." ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग संस्थेला कळविले गेले, चारीचे काम रद्द झाले, त्यासाठी ठेवलेला पैसा कालव्यातला गाळ काढण्याकडे आणि बंधाऱ्याच्या खचलेल्या बाजूकडे वळविला. हे सगळे होईपर्यंत पावसाळा तोंडावर आला आणि काम एक हंगाम लांबले. गावाचा एक हंगाम माझ्या सहीने खाल्ला. हे मला कुणी म्हटले नाही, आबानेसुद्धा नाही. बढती काढून घेतली नाही. मात्र माझ्या अहवालांवर अजून माझ्या सहीआधी दुसऱ्या एकाची सही लागते. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि प्रत्येक वेळी वही मागतो. मी देतो.

घरी मात्र पंचाईत झाली. आईने महिनाभराने विचारले, "त्या तुझ्या मित्राच्या लग्नाचे फोटो दाखव ना." मग तिला सगळे सांगावे लागले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे ते पेढे उगाचच वाटले म्हण की!"

परवा आबाच्या नातवाचा फोन आला. पाऊस यंदा बरा झाला, बंधाऱ्यावरून पाणी वाहते आहे, दिवाळीनंतर गव्हाचा फड कोणता ते ठरवायला गाव बसणार आहे. तुम्ही या, असे आबाने सांगितले आहे म्हणाला. मी म्हटले, नक्की येतो. मागून आबाचा आवाज आला. पोरगा हसू लागला.

"काय म्हणताहेत?" मी विचारले.

"म्हणताहेत, या. पण या वेळी ती तीन पायांची घेऊन येऊ नका, जेवायला या."